दहा पावलांत किती ठिकाणे?

आलेख कागदाचा एक तुकडा घ्या आणि मधल्या एका छेदबिंदूवर ठळक ठिपका द्या. एका पावलात पूर्व, पश्चिम, उत्तर वा दक्षिण यांपैकी एका दिशेने शेजारच्या छेदबिंदूवर जायचे, असा नियम करू. जास्तीत जास्त एक पाऊल टाकून मूळ ठिपका धरून ५ ठिकाणी पोचता येते. दोन पावलांत १३, तीन पावलांत २५. आठवीचे विद्यार्थी हे कागदावर मोजू शकतात. थोडी मदत केली तर वरच्या वर्गातील विद्यार्थी सूत्रही काढतील : क्ष पावलांत २ × क्ष × क्ष + २ × क्ष + १. म्हणजे दहा पावलांत २२१.

हा झाला मोजणीचा खेळ. पण नुसत्या अशा मोजणीवरून त्यामागील बीजगणिताचे नियम ओळखता येतील का? हा प्रश्न गणितज्ञांनी गंभीरपणे घेतला आणि त्यातून भूमितीय गट सिद्धांत या शाखेला मोठी चालना मिळाली.

गट आणि त्याचा नकाशा

गट म्हणजे कृतींचा असा संच, की ज्यातील दोन कृती एकामागून एक केल्या तर त्याच संचातील कृती मिळते, प्रत्येक कृती उलटवता येते, आणि 'काहीच न करणे' हीसुद्धा त्यातील एक कृती असते. आलेख कागदावर सरकण्याच्या सर्व कृतींचा असा एक अनंत गट होतो. तो अनंत असला तरी 'पूर्वेला एक' व 'उत्तरेला एक' या दोन कृती आणि त्यांच्या उलट कृती यांतून पुरा तयार होतो. अशा मूळ कृतींना जनक म्हणतात.

गटातील प्रत्येक कृतीसाठी एक ठिपका काढायचा आणि जे दोन ठिपके एका जनकाने जोडले जातात त्यांच्यामध्ये रेषा काढायची, ही कल्पना इंग्रज गणितज्ञ आर्थर केली यांनी १८७८ मध्ये मांडली. असा नकाशा काढला की गटात 'अंतर' येते, आणि क्ष पावलांत किती ठिकाणे, हे विचारता येते.

आता वेगळा नकाशा पाहू. प्रत्येक चौकातून चार रस्ते फुटतात, पण कोणताही रस्ता फिरून जुन्या चौकात येत नाही. आल्या वाटेने परतणे एवढाच मागे जाण्याचा मार्ग. हा दोन जनकांचा 'मुक्त गट'. येथे प्रत्येक नव्या चौकातून तीन नवे चौक मिळतात. म्हणून ठिकाणे होतात ५, १७, ५३... दहा पावलांत १,१८,०९७! कागदावर पूर्व-उत्तर आणि उत्तर-पूर्व एकाच जागी नेतात, त्यामुळे ठिकाणे पुन्हा पुन्हा तीच येतात. मुक्त गटात क्रम बदलला की जागा बदलते.

जनक बदलले तर?

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, तिरके पाऊल चालेल का?" चालेल. बुद्धिबळातल्या राजासारखे आठही दिशांना जाऊ दिले तर ठिकाणे ९, २५, ४९ अशी वाढतात. दहा पावलांत ४४१. आकडे बदलले, पण वाढ वर्गाच्याच प्रमाणात राहिली. कारण सोपे आहे. राजाचे एक पाऊल म्हणजे जुनी फार तर दोन पावले. त्यामुळे राजा क्ष पावलांत जिथे पोचतो, तिथे आपण जुन्या २क्ष पावलांत पोचतोच. जवळून पाहिले तर दोन्ही नकाशे वेगळे. फार दुरून पाहिले तर वाढीची जात एकच. म्हणजे ही जात जनकांच्या निवडीची नसून गटाची स्वतःची आहे.

वही घेऊन चालणारा

मग क्रम महत्त्वाचा असला की वाढ नेहमीच मुक्त गटासारखी स्फोटक होते का? नाही. समजा, आपण कागदावर चालताना हातात एक वही ठेवली. पूर्व-पश्चिम पावलाला वहीत बदल नाही. उत्तरेला पाऊल टाकताना त्या वेळी आपण मूळ ठिपक्याच्या जितके पूर्वेला असू, तितके वहीत मिळवायचे. दक्षिणेला तितके वजा करायचे. आता पूर्व, उत्तर, पश्चिम, दक्षिण असे चाला. जागा मूळचीच, पण वहीत १. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चाला. वहीत उणे १. वही प्रत्यक्षात वाटेने वेढलेले क्षेत्रफळ मोजते! हा हायझेनबर्ग गट. दोन दिशांना सुमारे क्ष-क्ष इतका वाव, आणि वहीत क्षेत्रफळ म्हणून सुमारे क्ष-वर्ग इतका. त्यामुळे ठिकाणे क्ष च्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतात. क्रम बदलला की फरक पडतो, पण तो फक्त वहीत पडतो, आणि वहीतील फरकांना पुढे क्रमाची बाधा नाही.

मिल्नर यांचा प्रश्न

अमेरिकन गणितज्ञ जॉन मिल्नर यांनी १९६८ मध्ये दोन गोष्टी विचारल्या. सांत जनकांच्या गटाची वाढ एकतर क्ष च्या एखाद्या घाताइतकी किंवा मुक्त गटासारखी घातांकी, अशी दोनच प्रकारची असते का? आणि घाताइतकी वाढ नेमकी कोणत्या गटांत असते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिखाइल ग्रोमोव्ह यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी नकाशाकडे अधिकाधिक दुरून पाहिले. विटांची भिंत लांबून सलग दिसते, तसे ठिपके मिसळून एक सलग अवकाश दिसू लागते. त्या अवकाशाच्या भूमितीवरून त्यांनी सिद्ध केले, की वाढ घाताइतकी असेल तर गटात वहीच्या गटासारखा एक उपगट असलाच पाहिजे : क्रम बदलल्याने पडणारा फरक एका वहीत, त्यातील फरक पुढच्या वहीत, आणि मोजक्या वह्यांनंतर फरकच उरत नाही. या उपगटाच्या मोजक्या प्रती सरकवून ठेवल्या की सगळा गट व्यापला जातो. नुसत्या मोजणीतून बीजगणित बाहेर आले!

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' असे निघाले. सोव्हिएत संघातील रोस्तिस्लाव ग्रिगोर्चुक यांनी १९८० मध्ये वेगळ्याच कारणासाठी एक गट बनवला होता. प्रत्येक फाट्याला दोन फांद्या असलेले अनंत झाड घ्या. एक जनक झाडाचे दोन अर्धे भाग अदलाबदल करतो. इतर तीन जनक खालच्या निवडक फाट्यांवर तशीच अदलाबदल करतात. या गटाची वाढ कोणत्याही घाताहून वेगवान, पण मुक्त गटासारख्या वाढीहून मंद आहे, हे त्यांनी १९८३ मध्ये जाहीर केले. वाढीचा नेमका वेग कळायला २०२० साल उजाडले. आना एर्श्लर आणि तियान्यी झेंग यांनी दाखवले, की ठिकाणांच्या संख्येतील अंक स्थूलमानाने पावलांच्या ०.७६७ व्या घाताप्रमाणे वाढतात. मुक्त गटात ते पावलांच्या सम प्रमाणात वाढतात.

अंक पावलांच्या वर्गमुळाहूनही सावकाश वाढत असतील, तर वाढ घाताइतकीच असली पाहिजे, असा ग्रिगोर्चुक यांचा अंदाज आहे. तो अद्याप सिद्ध झालेला नाही. वर्गात आलेख कागदावर ५, १३, २५ मोजून झाले, की मुलांना हेही जरूर सांगावे.