सोंग कुणाचं, पैसे कुणाचे? क्रूझवरच्या मिकीकडून पार्टीच्या धंद्याने काय शिकावं



मे महिन्याच्या सुट्टीत व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर एक फोटो हमखास दिसतो. ओळखीचं कुणीतरी क्रूझवर गेलेलं असतं. मागे चकचकीत जिना, मध्ये मिकी माउस आणि त्याला मिठी मारून उभं असलेलं पाच वर्षांचं पोर. पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून आपणही दोन मिनिटं थांबतो.

मग तुमच्यातल्या कुणाचा तरी मला मेसेज येतो, "सर, आपल्या बोरिवली-मुलुंडला दर शनिवार-रविवारी एवढे वाढदिवस असतात. कॉस्च्युम ऑनलाइन मिळतो. एक घेऊन टाकू का?"

कल्पना चांगली आहे. भांडवल कमी, मागणी वर्षभर. पण पैसे टाकण्याआधी थोडं थांबा. कारण त्या जहाजावर जे विकलं जातं तो कॉस्च्युम नाहीये.

जहाजावर विकतात काय?

डिस्नेचं पहिलं क्रूझ जहाज, 'डिस्ने मॅजिक', 1998 साली सुरू झालं. आता आशियातल्या प्रवाशांसाठी सिंगापूरहून 'डिस्ने अॅडव्हेंचर' आहे. क्रूझ ही फक्त परदेशी गोष्टही राहिलेली नाही. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' आपल्या मुंबई बंदरातून प्रवासी घेऊन जायला लागलं. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक हे सगळं बघून आलेलं असतं आणि तीच अपेक्षा घेऊन तुम्हाला फोन करतं.

डिस्नेच्या जहाजावर ही भेट कशी चालते बघा. कोणतं कॅरेक्टर किती वाजता, कुठल्या ठिकाणी येणार हे अॅपवर आधीच असतं. रांग लागते. कॅरेक्टरसोबत साध्या युनिफॉर्ममधला एक मदतनीस असतो. रांग तोच सांभाळतो आणि वेळ संपली की तोच सांगतो. मिकी बोलत नाही, सगळं हाताने आणि मानेने चालतं. पाहुण्यांसमोर मुखवटा कधीच उतरत नाही. मुलांच्या हातात सहीची वही असते आणि मिकी खरोखर सही करून देतो.

आता यातला धंदा बघा. ही भेट बहुतेक वेळा तिकिटातच धरलेली असते, तिचे वेगळे पैसे नाहीत. तुम्ही स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढू शकता. पण शेजारी जहाजाचा फोटोग्राफर उभा असतो आणि त्याने काढलेले फोटो विकत घ्यावे लागतात. भेट फुकट, आठवण विकत!

म्हणजे माल कुठला? मुलाला मिळालेली ती दोन मिनिटं. कॉस्च्युम हे फक्त भांडं आहे.

आपल्याकडे बहुरूपी हेच करायचा. पोलिसाचं सोंग घेऊन दारात यायचा, दरडावायचा आणि शेवटी सगळ्यांना हसवून बिदागी घेऊन जायचा. त्याला पैसे खाकी कपड्यांचे मिळत नव्हते, सोंग वठवण्याचे मिळत होते.

मिकी तुमचा नाही, भीमही नाही

आता कडू गोष्ट. बाजारात मिळणारा मिकी, छोटा भीम किंवा मोटू-पतलूचा कॉस्च्युम तुम्ही विकत घेतला, म्हणून ते कॅरेक्टर धंद्यात वापरायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनचा. मोटू-पतलू मूळचे 'लोटपोट' कॉमिक्समधले. प्रत्येकाला मालक आहे.

कॉपीराइट कायदा 1957, कलम 63. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. "सगळेच करतात सर, कुणी विचारत नाही" हे मी शंभर वेळा ऐकलंय. खरं आहे, छोट्या पार्टीवर सहसा कुणी येत नाही. पण तुम्हाला छोटंच राहायचंय का? ज्या दिवशी मोठ्या मॉलचं किंवा शाळेचं काम येईल, त्या दिवशी तिथला मॅनेजर पहिला प्रश्न विचारेल, "लायसन्स आहे का?" तिथे गप्प बसावं लागलं की काम गेलं.

दोन गैरसमज इथेच मोडून टाकू.

पहिला: "मिकीचा कॉपीराइट संपला." 1 जानेवारी 2024 ला अमेरिकेत खुला झाला तो 1928 च्या 'स्टीमबोट विली'मधला मिकी, म्हणजे काळा-पांढरा, हातमोजे नसलेला. नंतरची रूपं त्यात येत नाहीत. ट्रेडमार्क वेगळा, तो चालूच आहे. आणि भारतातला कायदा वेगळा.

दुसरा: "नाव थोडं बदललं की झालं." नागराज कॉमिक्स आठवतंय? दुसऱ्या प्रकाशकाने त्याच धर्तीवर 'नागेश' काढला. 1996 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. नाव वेगळं असून उपयोग झाला नाही, कारण ध्यान तेच होतं.

घाटकोपरचं उदाहरण

मग रस्ता काय? तो आपल्याच उपनगरात आहे. घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये 2013 साली किडझानिया सुरू झालं. ही मूळची मेक्सिकोची कंपनी, 1999 पासूनची. त्यांनी कुणाचा मिकी भाड्याने आणला नाही. उर्बानो, वीटा, बीबॉप, चिका आणि बाचे नावाचा कुत्रा, ही त्यांची स्वतःची कॅरेक्टर्स आहेत. ती टीव्हीवर गाजलेली नव्हती. पण समोर येऊन हात मिळवणारं कॅरेक्टर लहान मुलाला आवडायला टीव्हीची गरज नसते.

तुम्हीही स्वतःचं कॅरेक्टर करा. बोरिवलीत राहता? नॅशनल पार्कचा बिबट्या आहे. मुलुंडच्या खाडीकडे राहता? फ्लेमिंगो आहे (पण त्या बारीक पायांचा विचार आधी करा, कॉस्च्युममध्ये ते जमवणं कठीण). नाव सोपं ठेवा, तीन वर्षांच्या मुलाला म्हणता आलं पाहिजे.

चित्र एखाद्या आर्टिस्टकडून काढून घ्याल तेव्हा एक काम विसरू नका. फक्त पैसे देऊन हक्क तुमच्याकडे येतोच असं नाही, हक्क लेखी लिहून घ्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा दोन्ही स्पष्ट लिहा. नंतर नाव आणि चित्राचा ट्रेडमार्क टाका. मनोरंजन सेवेचा वर्ग 41, आणि व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये प्रति वर्ग.

आत माणूस आहे

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचा अनुभव सांगतो. मे महिना, मुलुंडचा एक हॉल, एसी बंद पडलेला. आत कॉलेजचा मुलगा, अंगावर जाड फरचा कॉस्च्युम. ठरले होते चाळीस मिनिटं, पण पाहुणे येतच राहिले, फोटो संपेनात. दीड तास झाला. मुलगा मटकन खाली बसला आणि गुदमरून त्याने मुखवटा काढला. "ताई, समोरचं दिसेनासं झालं," एवढंच बोलला. समोर पंचवीस पोरं. बर्थडे बॉय ओक्साबोक्शी रडायला लागला. पार्टीवाल्यांनी अर्धे पैसे कापले.

ताई मला म्हणाल्या, "सर, पोरगा कच्चा निघाला."

मी म्हटलं, "ताई, पोरगा कच्चा नव्हता, आपली तयारी कच्ची होती. त्याला काही झालं असतं तर त्याच्या आईला तुम्ही काय सांगितलं असतं?"

त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला पूर्ण पैसे दिले आणि नियम लिहून काढले. तेच नियम आज तुम्हाला देतो:

- एका वेळी जास्तीत जास्त वीस मिनिटं, मग किमान तेवढीच विश्रांती. उन्हात आणि बंद हॉलमध्ये त्याहून कमी.
- कॅरेक्टरसोबत मदतनीस हवाच. आतल्या माणसाला खालचं आणि बाजूचं नीट दिसत नाही, लहान मूल पायात येतं.
- "दमलो"साठी हाताची एक खूण ठरवा. खूण दिसली की मदतनीस म्हणणार, "आता बिबट्याची जेवायची वेळ झाली!"
- कपडे बदलायला बंद खोली, पंखा आणि पाणी. बुकिंगच्या वेळीच मागा, लेखी.
- मूल घाबरलं तर जबरदस्ती नाही. गुडघ्यावर बसायचं आणि लांबून हात हलवायचा.
- प्रत्येक पार्टीनंतर कॉस्च्युम साफ करून पूर्ण वाळवायचा. वास आला की दुसरं बुकिंग विसरा.

आता आकडे

हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या भागातले दर तुम्ही स्वतः काढा. समजा कॉस्च्युम 40,000, चित्र आणि डिझाइन 10,000, ट्रेडमार्क 4,500. एकूण 54,500 रुपये.

एका पार्टीचे 5,000 घेतले. त्यातून आतल्या कलाकाराला 1,200, मदतनिसाला 700, येण्याजाण्याचे 500, सफाई 300, जाहिरात आणि फोन 300. खर्च 3,000, उरले 2,000. म्हणजे 28 पार्ट्या झाल्यावर तुमचं भांडवल सुटतं. शनिवारी एक, रविवारी एक धरली तर 14 आठवडे.

आता जहाजावरची युक्ती लावा. छोटा प्रिंटर न्या, जागेवर फोटो छापून द्या, 1,500 चं पॅकेज ठेवा. कागद-शाईचे 500 गेले तरी पार्टीमागे 1,000 वाढले. आता 19 पार्ट्यांत भांडवल मोकळं. आणि मुलाच्या घरी फ्रिजवर तुमच्या बिबट्याचा फोटो लागला, मागे तुमचा नंबर. यापेक्षा स्वस्त जाहिरात कुठली?

यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही, हे विसरू नका. आणि कलाकाराचे 1,200 कापून नफा वाढवायचा मोह आला, तर मुलुंडचा तो हॉल आठवा.

या रविवारचा गृहपाठ

तीन फोन करा. तुमच्या भागातल्या दोन पार्टी हॉलना विचारा, महिन्याला मुलांचे वाढदिवस किती होतात. एका पार्टी ऑर्गनायझरला विचारा, कॅरेक्टरचे किती घेता आणि किती वेळ. उत्तरं वहीत लिहा. त्यानंतरच खिशात हात घाला.

आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. दुसऱ्याचा मिकी आणून दोन-चार पार्ट्या मारता येतील, पण त्यावर दहा वर्षं चालणारा धंदा उभा राहत नाही. सोंग स्वतःचं आणा, आतल्या माणसाला जपा, आणि मुलाला ती दोन मिनिटं खरी द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडी ठेवा!