पाळीने येणारे वैराग्य

विरक्त पुरुष म्हणजे फिरता पुरुष, ही आपल्या मुलखाची जुनी समजूत आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही. कारण तेराव्या शतकात चक्रधरस्वामी मेहकर-लोणारच्या बाजूस आले तेही अटन करीतच आले, आणि त्यांच्या मागून आलेल्या महानुभाव भिक्षूंनी अटन व भिक्षा यांनाच आचाराचे अंग मानले. इटलीतील संत बेनेडिक्ट याचे मत मात्र याच्या नेमके उलट होते. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोंते कासिनोच्या डोंगरावर मठ वसवून त्याने ७३ प्रकरणांची जी नियमावली रचली, तिच्या पहिल्याच प्रकरणात, या मठातून त्या मठात जाऊन तीन-चार दिवस पाहुणचार झोडणाऱ्या भटक्या साधूंची त्याने अशी हजेरी घेतली आहे की, त्याचा पूर्वी कोणी तरी चांगलाच छळ केला असावा अशी शंका यावी. त्याच्या मठात येणाऱ्याने एकाच ठिकाणी जन्मभर राहण्याचे वचन द्यावयाचे असते.

त्या मठातला दिवस मध्यरात्र उलटल्यावर, अंधारातच सुरू होतो. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा प्रार्थना, आठवड्यात सर्वच्या सर्व १५० स्तोत्रांचे पठण, आणि या प्रार्थनांच्या मधल्या वेळात शेती, लेखन, वाचन, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा, असा तो शिरस्ता आहे. आळस हा आत्म्याचा शत्रू, हे त्याचे प्रसिद्ध मत अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात आहे; परंतु मला स्वतःला मुदपाकखान्याविषयीचे प्रकरण अधिक बोलके वाटते. स्वयंपाक आणि वाढप ही कामे सर्वांनी आठवड्याच्या पाळीने करावीत. ज्याची पाळी शनिवारी संपेल त्याने हात-पाय पुसण्याचे पंचे धुऊन टाकावेत, उतरणारा आणि चढणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत, आणि भांडी घासूनपुसून कोठीवाल्याच्या स्वाधीन करावीत, म्हणजे त्याने ती पुढच्याला मोजून द्यावीत. या कोठीवाल्यासही ताकीद अशी की, मठातील प्रत्येक भांडे व अवजार त्याने वेदीवरच्या पूजापात्राप्रमाणे मानावे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही, कारण शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात ती त्याने डोळ्यांनी पाहिलेली आहे. येथील सेवाधारी गावोगावहून पाळीने येतात, मोबदला घेत नाहीत, आणि पांढऱ्या वेषात, नेमून दिलेल्या जागी उभे राहून, आलेल्या प्रत्येकास, तो श्रीमंत असो की अनवाणी, ‘माऊली’ म्हणूनच हाक मारतात. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचे दिवसाचे टप्पे देवाच्या उपचारांनी ठरलेले, आणि त्या टप्प्यांच्या मध्ये दर्शनबारीचा बंदोबस्त, पादत्राणे सांभाळणे, फरशी पुसणे, महाप्रसादाच्या पंक्ती वाढणे आणि उठवणे, ही कामे चाललेली. बेनेडिक्टच्या मठाच्या देवडीवर बसणाऱ्या वृद्धाने दारावर थाप पडताच देवाचे आभार मानावेत, असा नियम आहे. शेगावच्या ‘माऊली’मध्ये तोच भाव मराठी रूपाने नांदतो.

अन्नाविषयीची सावधगिरी तर या संस्थानाच्या उगमातच आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा जो अवलिया बंकटलालांच्या दृष्टीस पडला, तेच गजानन महाराज, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्या गावी पूजेचा विषय झालेला पुरुषच टाकलेले अन्न वेचताना प्रथम दिसला, तेथे पंगत वाढणाऱ्या हाताला अन्नाची किंमत निराळी शिकवावी लागत नाही. महाराजांनी १९१० साली ऋषिपंचमीस समाधी घेतली. संस्थान त्याआधीच, १९०८ साली, उभे राहिले होते. पुढे संस्थानाचे कारभारी शिवशंकरभाऊ पाटील यांनी, २०२१ मध्ये ते निवर्तले तोपर्यंत, कित्येक दशके या कारभाराला जी शिस्त लावली, तिचे कौतुक व्यवस्थापनाचे अभ्यासकही करतात. ते रास्तच आहे, तथापि ती शिस्त केवळ कारभारातून आली असे समजणे मला पटत नाही. दिवसाच्या पोटात आरतीचे ठोके नसते, तर पंक्ती इतक्या वेळेवर उठल्या नसत्या.

याच जिल्ह्यात मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम आहे, तेथे शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात, विवेकानंदांच्या जन्मोत्सवाला, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरवरून वाढतात. तो सोहळा मोठा. पण रोजच्या पाळीचा विचार शेगावीच करावा.

कारण या पाळीतच दोन्ही व्यवस्थांचा खरा भेद आहे. बेनेडिक्टचा भिक्षू घरदार, मालमत्ता, लेखणीसुद्धा आपली म्हणत नाही. शेगावच्या सेवाधाऱ्याचे शेत त्याच्या नावावर असते, घरी सून-नातवंडे असतात, कपाशीवर बोंडअळी पडली की जीव थोडा होतो. शेगाव ज्या वारकरी परंपरेतले, तिला संसार सोडून जाणे फारसे कधी मानवले नाही. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला, तर गुरूंनीच त्यांना संसारात परत धाडले, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. म्हणून येथे मठाचे जीवन गृहस्थाने थोड्या दिवसांपुरते घ्यावे आणि दुसऱ्याच्या हाती देऊन आपल्या गावी जावे, अशी रीत पडली.

बेनेडिक्टच्या नियमावलीत नवागताने उतरवलेले स्वतःचे कपडे मठाच्या वस्त्रागारात जपून ठेवावेत, असे कलम आहे. पुढे सैतानाच्या नादाने तो मठ सोडून जाऊ लागला, तर मठाची वस्त्रे काढून घेऊन हेच त्याला परत घालावयाचे. तेथे ती नामुष्कीची तजवीज होती. शेगावी मात्र पाळी संपलेला सेवाधारी आपले कपडे घालून वावराकडे निघतो, यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. त्याची जागा घ्यायला दुसऱ्या गावची मंडळी आधीच येऊन ठेपलेली असते.