'रामा'चा 'रामालू' कोणी केला?

आज एका जुन्या कॉमिकचं परीक्षण करू. इंद्रजाल कॉमिक्स, अंक 1, 'द फँटम्स बेल्ट', मार्च 1964, प्रकाशक बेनेट कोलमन. फँटम म्हणजे मराठी इंद्रजालमधला आपला वेताळ. त्याच्या अंगात कुठलीही अद्भुत शक्ती नाही. आहे तो मुखवटा, पोशाख आणि पिढीजात दरारा. ली फॉकने त्याला 1936 मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत आणलं, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी.

गोष्ट सूडाची आहे. विसाव्या वेताळाचा खून झालाय, त्याचा पट्टा पळवलाय, आणि मुलगा खुन्याच्या मागावर आहे. पट्टा हा वारसाही आणि पुरावाही. त्यामुळे कथा कुठे भरकटत नाही. वाचायला अंक आजही झकास आहे.

आता संशोधनाचा भाग. या अंकात खुन्याचं नाव 'रामालू' आहे. मूळ अमेरिकी चित्रपट्टीत ते 'रामा' होतं. इंद्रजालने पुढेही असे बदल केले: 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले, आणि बंगालची आठवण करून देणारं देशाचं नाव 'डेंकाली' झालं. कारण काय असेल, याचा अंदाज कुणीही बांधेल. पण बदल झाला हे निरीक्षण, आणि भावना दुखावू नयेत म्हणून झाला हा निष्कर्ष. वहीत दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

समजा, तुम्ही फक्त इंद्रजाल वाचून प्रबंधात लिहिलं, "फॉकने खलनायकांना भारतीय नावं देणं टाळलं." वाक्य साफ चुकलं! टाळलं ते इथल्या संपादनाने. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर, तुम्ही प्रक्रिया झालेला डेटा कच्चा समजून वापरलात. गाईड पकडतील तेव्हा अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.

दुसरा सापळा मोजणीचा. इंद्रजालचे 123 आणि 124 हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. तुमच्या संग्रहात ते नसतील, तर ती 'गहाळ माहिती' नाही, ती मुळात अस्तित्वातच नव्हती. या दोन गोष्टींसाठी तक्त्यात वेगळी खूण हवी.

मग करायचं काय? अंकाची भाषा, क्रमांक, महिना, वर्ष आधी नोंदवा. मूळ पट्टी मिळाली तर चौकटीमागून चौकट लावून फरक लिहा. इगतपुरीसारख्या गावात कुणाच्या तरी माळ्यावर इंद्रजाल सापडेल, 1950च्या दशकातली अमेरिकी पट्टी सापडणं अवघड. नाही मिळाली तर हरकत नाही, दावा तेवढा लहान करा: "फॉकचा वेताळ" न म्हणता "इंद्रजालचा वेताळ" म्हणा. एका शब्दाचा फरक आहे, पण तोंडी परीक्षेत तुमचा बचाव याच एका शब्दावर उभा राहील.