गोल ताऱ्यांचे वाकडेतिकडे मेघ

तारा गोल असतो. मग सूर्यासारखा एखादा तारा म्हातारपणी आपली बाहेरची आवरणे अवकाशात सोडून देतो, तेव्हा त्यांचा होणारा मेघही गोलच व्हायला हवा. प्रत्यक्षात अशा मेघांपैकी जेमतेम पाचांतला एक गोल भरतो. बाकीचे कुठे अंडाकृती, कुठे कमरेत आवळलेले, तर कुठे दोन पंख पसरलेले. तेजोमेघांचे आकार केवळ डोळ्यांना सुखावणारे नाहीत. कुणी, कुठून आणि किती जोराने ढकलले याची ती नोंद असते, आणि ती वाचता येते.

या मेघांना ‘ग्रहीय’ हे विशेषण लावले विल्यम हर्शेलने. युरेनसचा शोध त्याने १७८१ मध्ये लावला होता. पुढे दुर्बिणीत दिसलेल्या फिकट, वाटोळ्या चकत्या त्याला ग्रहाच्या बिंबासारख्या वाटल्या. ग्रहांशी काडीचाही संबंध नसताना ते नाव चिकटले ते कायमचेच. मुळात हे मेघ आहेत तरी कशाचे, याचा उलगडा व्हायला २९ ऑगस्ट १८६४ ची रात्र यावी लागली. त्या रात्री विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या ‘मार्जारनेत्र’ तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला. तो ताऱ्यांचा दाट पुंजका असता, तर रंगांचा सलग पट्टा दिसला असता. दिसल्या त्या मोजक्याच तेजस्वी रेषा. म्हणजे हा विरळ, तप्त वायू! त्यातल्या हिरव्या रेषा तर पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेनने कोडे सोडवले. तो साधा ऑक्सिजनच होता, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. मेघ इतका विरळ असतो, की आपल्या प्रयोगशाळेतल्या वायूत सहसा न उमटणारा प्रकाश त्यातून बाहेर पडतो.

आकारांचे कोडे अधिक चिवट निघाले. १९७८ मध्ये सुन क्वोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वाऱ्यांची कल्पना मांडली. फुगलेला लाल तारा आधी सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने, सावकाश वायू सोडत राहतो. मग त्याचा उष्ण गाभा उघडा पडतो आणि सेकंदाला हजार किलोमीटरहून वेगवान वारा सुटतो. हा नवा वारा आधीच्या वायूला मागून गाठतो, दाबतो, त्याचे कवच करतो. आता त्या जुन्या वायूचा ताऱ्याच्या कमरेभोवती दाट पट्टा असेल, तर नव्या वाऱ्याला तिथे वाट मिळत नाही. तो दोन्ही ध्रुवांकडून फुटतो आणि पंख तयार होतात. वृश्चिकेतल्या एनजीसी ६३०२ या ‘फुलपाखरा’त नेमके हेच दिसते. मधोमध धुळीचा काळा पट्टा, त्याच्या आड दोन लाख अंशांहून तप्त तारा आणि दोन बाजूंना उधळलेला वायू.

पण हा पट्टा येतो कुठून? माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच. लीन डेसिन यांच्या गटाने चिलीतल्या ‘अल्मा’ दुर्बिणीने म्हाताऱ्या लाल ताऱ्यांचे वारे न्याहाळले आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. गोलाकार वारा त्यांना कुठे आढळलाच नाही. होते ते सर्पिल, तबकड्या, शंकू. त्यांच्या मते हे आकार घडवतो जोडीदार, म्हणजे सोबतचा दुसरा तारा किंवा एखादा जड ग्रहसुद्धा. फिरता फिरता तो वायू घुसळत राहतो. मेघ पुढे काही हजार वर्षांत विरून जातो, पण तोवर न दिसणाऱ्या सोबत्याची खूण त्याच्या आकारात टिकून असते.

आकार पाहण्याच्या कोनावरही ठरतो, हे मात्र विसरू नये. स्वरमंडळातला ‘कंकण’ तेजोमेघ, एम ५७, आपल्याला अंगठीसारखा दिसतो तो आपण जवळपास त्याच्या अक्षाच्या दिशेने पाहतो म्हणून. बाजूने पाहिला असता, तर तो बराच लांबुळका दिसला असता. तो स्वतः पाहायचा, तर लक्ष्मीपूजनाची रात्र चांगली. अमावास्या असते, चंद्राचा अडथळा नसतो. अंधार पडताच वायव्येला अभिजित हा ठळक तारा शोधावा आणि त्याच्या थोडे वर दुर्बीण फिरवावी. छायाचित्रातले निळे-तांबडे रंग लहान दुर्बिणीत मिळणार नाहीत. दिसेल ते राखाडी वलय. नजर किंचित बाजूला ठेवली, की अधिक ठळक.

स्फोटातून झालेल्या मेघांची तऱ्हा निराळी. वृषभेतला ‘खेकडा’ म्हणजे १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिनवताऱ्याचे अवशेष. सेकंदाला तीस फेऱ्या घेणारा स्पंदक अजून त्याला आतून ऊर्जा पुरवतो आहे. स्फोटाशी संबंध नसलेला मृगातला ‘अश्वशीर्ष’ तर स्वतः प्रकाशतच नाही. मागच्या तांबूस उजेडावर धुळीची ती काळी आकृती. १८८८ मध्ये हार्वर्डच्या छायाचित्रपट्टीवर ती विल्यमिना फ्लेमिंग यांच्या नजरेस पडली.

दिवाळीत रात्री उशिरा पूर्वेला मृग वर येतो. त्याच्या तीन ठळक ताऱ्यांजवळचा धूसर ठिपका म्हणजे सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूरचा एम ४२. इथे मरणारा तारा नाही, नुकतेच जन्मलेले आहेत. मधल्या चार ठळक ताऱ्यांपैकी सर्वांत तेजस्वी तारा एकटाच आपल्या प्रारणाने आणि वाऱ्याने मागच्या प्रचंड काळ्या मेघाची आपल्याकडची बाजू कोरतो आहे. खळगा आपल्या दिशेने उघडला, म्हणून त्याच्या तळाशी चाललेली ताऱ्यांची घडण आपल्याला दिसते. तोंड पलीकडे असते, तर इथे काळोखच दिसला असता.