उंच उडी आणि मक्याचा भुसा

टोकियो येथे सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या जागतिक मैदानी स्पर्धांत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय म्हणून श्री. सर्वेश कुशारे यांची नोंद झाली. त्या फेरीत त्यांनी २.२८ मीटर उंची ओलांडून सहावा क्रमांक मिळविला. त्या वेळी भारताचा विक्रम २.२९ मीटरचा होता व तो श्री. तेजस्विन शंकर यांनी २०१८ साली केला होता. विक्रमात व त्यांच्या उडीत एका सेंटिमीटरचे, म्हणजे बोटभरही नव्हे इतके अंतर राहिले.

कुशारे हे नाशिक जिल्ह्यातील देवरगावचे, शेतकऱ्याच्या घरचे. त्यांना उंच उडी शिकविली ती शाळेतील क्रीडाशिक्षक श्री. रावसाहेब जाधव यांनी. उडीनंतर पाठीवर पडावयाचे तर खाली जाड, मऊ गादी हवी. तशी गादी विकत घेणे खेड्यातील शाळेच्या आवाक्याबाहेरचे असते. तेव्हा मक्याचा भुसा आणि शेतातील तशाच टाकाऊ मालाने भरलेली गादी तयार करण्यात आली, व तिच्यावर हा विद्यार्थी उतरू लागला. वर्तमानपत्रांनी ही हकीकत कौतुकाने छापली. तथापि तिचे खरे मर्म कौतुकापेक्षा निराळे आहे आणि ते शिक्षकाने समजून घेण्याजोगे आहे.

उंच उडीत कोणत्या पद्धतीने दांडी ओलांडावयाची, हे उतरण्याच्या जागेवरून ठरते. वाळूच्या खड्ड्यात पायांवरच उतरावे लागते. म्हणून तेथे कात्री उडी चालते. या उडीत धड जवळजवळ उभे राहते व पाय कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकामागून एक दांडीवरून जातात. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या वीतभर तरी वर न्यावा लागतो, आणि मुलाची बरीच शक्ती त्यातच खर्च होते. अमेरिकेचे डिक फॉसबरी यांनी १९६८ साली मेक्सिको येथील ऑलिंपिकमध्ये पाठ दांडीकडे करून उडी मारली व २.२४ मीटरला सुवर्णपदक जिंकले. या पद्धतीत शरीर कमानीसारखे वाकते. डोके, खांदे, कंबर व पाय क्रमाने दांडीवरून जातात, आणि गुरुत्वमध्य मात्र दांडीच्या पातळीलगत, कधी तिच्या खालूनही जाऊ शकतो. अर्थात तेवढ्याच उसळीत अधिक उंची पार होते. पण उतरावयाचे खांद्यांवर व पाठीवर! खाली गादी नसेल तर ही उडी मानेच्या जिवावर बेतणारी आहे. फॉसबरी यांच्या काळी अमेरिकेतील महाविद्यालयांत वाळू व लाकडाचा भुसा मागे पडून स्पंजाच्या उंच गाद्या येऊ लागल्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे. देवरगावात स्पंजाचे काम मक्याने केले, एवढेच.

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन व कापूस मुबलक. भुसकटाला तोटा नाही. तरीही केवळ भुसकटाचा ढीग घालून मुलांना पाठीवर पाडू नये. ढीग पडणाऱ्याच्या भाराने बाजूस सरकतो आणि दोन-चार उड्यांत मध्यभागी पोकळ होतो. पावसात भिजला की दगडासारखा घट्ट बसतो. माल पोत्यांत भरून ती एकत्र घट्ट बांधावी लागतात व वरचेवर हलवून फुगवावी लागतात. इतके करूनही प्राथमिक वर्गांना कात्री उडीच द्यावी, हे उत्तम. त्यात मुलाचे नुकसान काहीच नाही. दोन्ही उड्यांत दांडीपासून दूरच्या पायाने उसळी घ्यावयाची असते; डाव्या पायाने उसळणारा मुलगा उजव्या बाजूने धावत येतो. फॉसबरी पद्धतीत शेवटची चार-पाच पावले वळणावर टाकावयाची असतात. वळणात शरीर आतल्या बाजूस कलते, आणि त्याच कलण्यातून उसळीच्या क्षणी पाठ दांडीकडे फिरते. वळणाची धाव आणि उसळीचा पाय कात्री उडीत पक्के झाले, तर पुढे गादी मिळेल तेव्हा मोडून पुन्हा शिकवावे लागत नाही. दांडीऐवजी सुतळी वापरल्यास ती दोन्ही टोकांना बांधू नये. टोकांना वाळूच्या लहान पुरचुंड्या लावून खिळ्यांवर नुसती टेकवावी, म्हणजे पाय अडकला तरी ती खाली येते.

कुशारे यांची पुढील वाटचाल सरळ चढती नाही. २०१९ साली काठमांडू येथील दक्षिण आशियाई स्पर्धांत २.२१ मीटरला सुवर्णपदक, २०२२ साली गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत २.२७ मीटर, २०२३ साली बँकॉकच्या आशियाई मैदानी स्पर्धांत रौप्यपदक. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत उडी २.२६ मीटरचीच, पण क्रमांक चौथा, पदक नाही. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तर पात्रता फेरीतच ते २.१५ मीटरवर थांबले. २.२७ मीटर उडणाऱ्या मनुष्यास २.२० मीटर जमू नये, हे मैदानाबाहेरच्या माणसास चमत्कारिक वाटेल. परंतु उंच उडीत प्रत्येक उंचीस तीनच संधी असतात, आणि धावेतील एक पाऊल चुकले की उसळीची जागाच चुकते. त्यानंतर तेरा महिन्यांनी टोकियोची ती अंतिम फेरी आली. त्या वेळी कुशारे यांस तिसावे वर्ष उलटून गेले होते.