सर्वाधिकारांवर उदक

काळ्या पडद्यावर 'लॉगिन' एवढा एकच शब्द दिसतोय आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. तुम्ही अजून नावही सांगितलेलं नाही. मग या क्षणी तुमच्याशी बोलतंय कोण? लिनक्सच्या यंत्रावर याचं उत्तर दचकवणारं आहे: खुद्द सर्वसत्ताधीश! नाव विचारणारा प्रोग्राम आणि लगेच त्याची जागा घेणारा 'लॉगिन', दोघेही 'रूट'च्या अधिकाराने चालतात. हवी ती फाइल वाचावी, हवी ती पुसावी, अडवणारं कोणी नाही. आणि हा 'लॉगिन'च पुढच्या सेकंदाभरात तुम्हाला तुमच्या मर्यादेत बसवून देणार आहे. कसं?

आधी नावाचं बघू. तुम्ही 'सुनंदा' असं टाइप केलंत, तरी सुनंदा कोण हे यंत्राच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ठाऊकच नसतं. त्याला कळतात आकडे. एका साध्या मजकुराच्या फाइलीत प्रत्येक नावापुढे एक क्रमांक लिहिलेला असतो. बहुतेक लिनक्सवर माणसांचे क्रमांक 1000 पासून सुरू होतात. आणि रूटचा? 0. अख्खं साम्राज्य त्या शून्यात!

पासवर्ड जुळला, की लॉगिन स्वतःची एक प्रत काढतो. मूळ प्रोग्राम मागे थांबतो, तुम्ही गेल्यावर आवराआवर करायला. प्रत मात्र अधिकारांवर उदक सोडते. या सगळ्यात क्रम ठरलेला: आधी तुमचे गट (एकत्र परवानग्या मिळणारे वापरकर्त्यांचे समूह) लावायचे, मगच क्रमांक बदलायचा. उलटं केलं तर? गट बदलायलाही रूटचाच अधिकार लागतो. शून्य आधीच सोडलं, तर गट बदलायची ताकदच उरणार नाही आणि रूटचे गट तुमच्या अंगाला चिकटून राहतील!

मग 0 चे 1000 होतात आणि परतीची वाट बंद होते. आता त्या प्रतीच्या जागी तुमचं शेल, म्हणजे तुमच्या आज्ञा घेणारा प्रोग्राम, सुरू होतं. त्यातून तुम्ही एडिटर उघडा, ब्राउझर उघडा, प्रत्येक नवा प्रोग्राम तोच क्रमांक वारशाने घेऊन जन्माला येतो. एकदा केलेला त्याग पिढ्यान् पिढ्या चालतो.

परतीची वाट बंद, मग स्वतःचा पासवर्ड बदलता कसा? पासवर्डची गुप्त फाइल तर तुम्हाला उघडतासुद्धा येत नाही. उत्तरासाठी पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रामच्या परवानग्या नीट न्याहाळा. जिथे चालवण्याच्या परवानगीचा 'एक्स' असायला हवा तिथे 'एस' दिसेल. त्या एका अक्षराचा अर्थ असा, की प्रोग्राम कोणीही चालवो, तो मालकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालेल. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांची ही कल्पना. तिला 1979 मध्ये पेटंटही मिळालं!

लॉगिनच्या वाटेवर प्रत्येकासाठी वेगळे नियमही लावता येतात. ही सोय करणारी 'पॅम' ही रचना 1995 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या इंजिनीअरांनी मांडली. एका फाइलीत एक ओळ लिहा: 'विद्यार्थी' गटातल्या कोणाच्याही एका वेळी 50 पेक्षा जास्त प्रक्रिया चालणार नाहीत. मग एखाद्या पठ्ठ्याने स्वतःच्या प्रती काढत सुटणारा प्रोग्राम लिहिला, तरी गुदमरेल तो एकटा. बाकीच्यांचं काम सुरूच.

त्याहून गंमत म्हणजे रूटची सत्ता वाटूनही देता येते. ही सत्ता म्हणजे जणू किल्ल्यांचा जुडगा; 1999 च्या 2.2 कर्नलपासून तो सुटा झाला. आज त्यात चाळीसएक किल्ल्या आहेत: घड्याळ बदलायची एक, 1024 च्या खालच्या नेटवर्क पोर्टवर बसायची दुसरी. पॅमचं एक मॉड्यूल यातली एखादीच किल्ली लॉगिनच्या वेळी सुनंदाच्या नावे करतं. आणि कडी म्हणजे, साधारणपणे ती चालते फक्त त्याच प्रोग्राममध्ये, ज्याच्यावर त्या किल्लीची खूण आहे!

आता एक जुना वैतागही उलगडतो. व्यवस्थापक म्हणतो, "तुला नव्या गटात टाकलंय," आणि तुमच्यापुढे 'परवानगी नाही' तशीच. गटांच्या फाइलीतली ओळ बदलली खरी, पण तुमच्या चालू शेलने आपले गट लॉगिनच्या त्या सेकंदातच उचललेले असतात. म्हणून तर तो खांदे उडवून सांगतो, "एकदा लॉगआउट करून परत ये."