लोहारशाळेसाठी अल्प खर्चाचे पट्टा-घासयंत्र कसे निवडावे?

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ, भाताचे तालुके होत. येथे राबासाठी झाडांचा टाहाळ तोडण्यास कोयता लागतो, निंदणीस खुरपे लागते आणि दिवाळीच्या सुमारास भात तयार झाले की घरोघरी विळ्यांची मागणी होते. कापणीचे दिवस थोडे असतात. त्या दिवसांत विळ्याची धार दुपारपर्यंतच टिकली, तर मजुरी वाढते, हिसक्याने दाणे गळतात व विळा घडविणाऱ्या लोहाराचे नावही खराब होते.

मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद कोयत्यास चांगले असते. परंतु कानशीने त्याचे पाते पातळ करणे फार कष्टाचे काम आहे. कुरुंदाच्या चाकावर ते लवकर होते, पण पाते एकाच जागी तापते व त्यास खाचा पडतात. घासकागदाचा अखंड पट्टा कप्प्यांवर फिरविणारे यंत्र, ज्यास बाजारात बेल्ट ग्राइंडर म्हणतात, ही अडचण पुष्कळशी दूर करते. मात्र सर्वांत कमी किमतीचे यंत्र सर्वांत स्वस्त पडतेच असे नाही.

काम पाहून माप ठरवावे

लहान यंत्रावर २५ मिलिमीटर रुंद व ७६२ मिलिमीटर लांब पट्टा बसतो. त्यास पाव ते अर्धा अश्वशक्तीची मोटर पुरते. विळ्याच्या आतल्या बाकास हा अरुंद पट्टा सोयीचा असतो. कारण सपाट टेकूवर बाकदार धार नीट बसत नाही. वर्षभर कोयते घडविणाऱ्याने मात्र ५० मिलिमीटर रुंद व १८३० मिलिमीटर लांब पट्ट्याचे, एक ते दोन अश्वशक्तीचे यंत्र पाहावे. या पट्ट्याचे क्षेत्रफळ लहान पट्ट्याच्या चौपटीहून अधिक असते. तो सावकाश तापतो व सावकाश झिजतो. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, पट्ट्याची वारंवार; म्हणून पट्ट्याच्या दरास क्षेत्रफळाने भागून मगच तुलना करावी. ज्या मापाचे पट्टे जवळच्या बाजारात मिळत नाहीत, ते यंत्र घेऊ नये.

केवळ घरच्या विळ्यांना धार लावणाऱ्या शेतकऱ्यास या यंत्राची गरज नाही. त्यास कानस व सहाण पुरेशी आहे. दातेरी विळ्याचे दात तर पट्ट्यावर कधीच धरू नयेत. ते झिजून नाहीसे होतात.

वेगाचा हिशेब

मोटर फिरविते त्या कप्पीच्या व्यासास ३.१४ ने व मिनिटातील फेऱ्यांनी गुणावे. मिनिटास १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर १० सेंटिमीटरची कप्पी बसविल्यास पट्टा मिनिटास सुमारे ४५० मीटर धावतो. २० सेंटिमीटरची बसविल्यास सुमारे ९०० मीटर. जाड पोलाद उतरविण्यास अधिक वेग उपयोगी पडतो. पाणी पाजलेल्या पातळ धारेस कमी वेगच बरा. कप्पी बदलता येईल असे यंत्र दोन्ही कामांस चालते.

पाजलेले पाणी उतरू देऊ नये

पाणी पाजण्यापूर्वी धार सुमारे १ मिलिमीटर जाड ठेवावी. नंतर घासताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे व बोटांस चटका बसण्याइतके तापू देऊ नये. धारेवर निळी झाक आली, म्हणजे तेथील उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेली व धार नरम पडली असे समजावे. झिजलेला पट्टा घासण्याऐवजी तापवितो. तो वेळीच बदलावा. प्रथम ४० ते ६०, नंतर १२० व शेवटी २४० क्रमांकाच्या दाण्याचा पट्टा वापरावा.

खरेदीपूर्वी पारख

दुकानात यंत्र दहा मिनिटे चालवून पाहावे. पट्टा कप्पीच्या मध्यावर राहतो काय, टेकूची पट्टी सपाट आहे काय, दाब दिल्यावर मोटर मंदावते काय, हे स्वतःचे पोलाद घासून तपासावे. मोटर एक-फेज विजेवर चालणारी आहे ना, हेही विचारावे.

यंत्रास जमिनीची तार जोडलेली असावी. चष्मा व नाकास फडके अवश्य वापरावे. सैल कपडे व हातमोजे टाळावेत. ठिणग्यांच्या वाटेत पेंढा, गवत किंवा मुठीच्या लाकडाचा भुसा राहू देऊ नये.

पैशाची सोय

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. पात्र कारागिरास साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तीत तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या लोहाराची वर्षाची कामे त्याच्याजवळ बसून मांडावीत, विळे किती व कोयते किती याचा हिशेब करावा आणि मगच यंत्राचे माप सुचवावे. काम थोडे असल्यास शेजारच्या दोन गावांच्या लोहारांनी मिळून एकच यंत्र घेणे हितावह ठरेल. हे सर्व पावसाळ्यापूर्वी उरकावे, म्हणजे कापणीच्या तोंडावर विळे तयार राहतील.